डॉक्टरांनाही माहीत नसलेली गोळी

सासूबाईंना दोनपैकी कोणती गोळी मिळणार हे डॉक्टरांनाही कळणार नाही, असं त्या बाईंनी मला अगदी हसतमुखानं सांगितलं. मी लिहायचं थांबले.

“डॉक्टरांना माहीत नाही, मग माहीत कोणाला?”

“संगणकाला. चिठ्ठी टाकल्यासारखं असतं ते. एक गोळी नेहमीची, जी या आजारात दिलीच जाते. दुसरी त्याच जातीची, नवीन. दिसायला दोन्ही सारख्या. कोणाला कुठली ते अभ्यास संपेपर्यंत झाकलेलं राहतं, म्हणजे कोणी आपल्या मनाचं काही बघत नाही.”

“आणि काही बिघडलं तर?”

“तर उघडून बघता येतं. तशी सोय आहे.”

हे मी लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, कोण उघडतं, किती वेळात. माझ्या वहीत त्या दिवशी सत्तावीस प्रश्न होते आणि हा नववा होता. त्या बाई रुग्णालयातल्या या औषधचाचणीच्या अभ्यासाचं सगळं कामकाज बघायच्या. रुग्णालयात त्यांना सगळे स्टडीवाल्या मॅडम म्हणत. वय पस्तिशीचं, गळ्यात ओळखपत्र, आणि प्रश्न कितीही विचारले तरी न कंटाळणारा चेहरा. त्या न कंटाळण्याचाच मला पहिल्यांदा संशय आला. इतका वेळ फुकट कोण देतं?

मी बावीस वर्षं कस्टम क्लिअरिंगच्या कचेरीत कागदपत्रं तपासते आहे. न्हावाशेव्याच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी एक सांगते आणि कंटेनरमध्ये निघतं दुसरंच, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की छापील कागदावर माझा पटकन विश्वास बसत नाही. शिवाय आम्ही एकदा पोळलो होतो. सासूबाईंचा खोकला सुरू झाला तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर सावली पाहिली आणि क्षयाची औषधं सुरू केली. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी. “या वयात, या शहरात, दुसरं काय असणार?” असं म्हणाले. चार महिने आम्ही रोज वेळच्या वेळी त्या गोळ्या दिल्या, मी तक्त्यावर खुणा केल्या, आणि सावली तेवढीच राहिली. नंतर स्कॅन झाला, पाठीतून सुई घालून तुकडा काढला, आणि कळलं की फुफ्फुसात गाठ आहे.

सासूबाईंनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. महापालिकेच्या शाळेत शिवण शिकवलं, आणि त्या वर्गात कात्री, टेप आणि मुलींची कुजबूज यापलीकडे काही नव्हतं. तरी सोसायटीत प्रत्येकानं मला बाजूला घेऊन विचारलं, “मशेरी लावायच्या का हो?” हे सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सांग त्यांना, चोरून चिलीम ओढायची म्हणून.”

न ओढणाऱ्या बायकांच्या गाठीत पुष्कळदा पेशींमधला एक विशिष्ट बदल सापडतो, तो सापडला तर सलाईनमधून औषध देण्याऐवजी रोज एक गोळी चालते, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तुकड्याची तपासणी झाली. बदल सापडला. त्यानंतर हा अभ्यासाचा प्रस्ताव.

संमतीपत्र बरंच लांबलचक होतं. मी तीन दिवस ते वाचलं, समासात खुणा केल्या, आणि रविवारी सकाळी सासूबाईंना समजावून सांगायला बसले. दहाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढला.

“अगं, आजार मला झालाय आणि परीक्षा तू देतेस. सही कुठे करायची ते दाखव.”

“आई, समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही. त्यातच लिहिलंय तसं.”

“समजलं. दोन गोळ्या आहेत, कुठली मिळेल ते नशीब. नेहमी रक्त तपासणार. नको वाटलं तर सोडता येतं. बरोबर?”

बरोबर होतं. मला तीन दिवस लागले ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं, पण तेव्हा मला ती बेफिकिरी वाटली.

पहिल्या भेटीला मी सगळी तयारी करून गेले. औषधांची यादी टंकून, तीन प्रतींत. रक्तदाबाची गोळी, थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, गुडघ्याला चोळायचं मलम. प्रत्येकापुढे मात्रा, वेळ, कधीपासून. स्टडीवाल्या मॅडमनी ती यादी पाहिली आणि खरंच खूश झाल्या.

“आणखी काही? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, घरगुती?”

सासूबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, “आई, मी सांगते. नाही हो मॅडम, आमच्याकडे असले प्रकार नाहीत.”

त्यांनी ‘नाही’वर खूण केली. मी खाली सही केली, माहिती देणाऱ्याचं नातं, सून.

गोळ्या आल्या पांढऱ्या बाटलीत. मी त्या मोजल्या. घरी आल्यावर पुन्हा मोजल्या. प्रत्येक भेटीला उरलेल्या गोळ्या परत द्यायच्या असत, त्याही ते लोक मोजत, म्हणजे संशय दोन्हीकडून होता आणि त्याचं मला बरंच वाटलं. रक्ताच्या नळ्या ठरल्यापेक्षा दोन जास्त घेतल्या तेव्हा मी विचारलं, या कुठे जाणार? संशोधनासाठी साठवणार, असं संमतीपत्रात होतं, मीच त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. तरी विचारलं. पहिल्या महिन्यात सासूबाईंच्या चेहऱ्यावर पुरळ आलं, नखांच्या कडा सुजल्या. मी फोटो काढून पाठवले. “हे अपेक्षित आहे,” असं उत्तर आलं. अपेक्षित असलेलं आधी का नाही सांगितलं, म्हणून मी तणतणत संमतीपत्र उघडलं, तर तेही तिथे होतंच.

आणि मग एके दिवशी जेवताना माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं की घरात शांतता आहे. खोकला नव्हता. कधीपासून नव्हता ते तिघांपैकी कोणालाच सांगता येईना. माझ्या वहीतसुद्धा नव्हतं, कारण मी खोकल्याच्या खुणा करत होते, न खोकल्याच्या नाही. सासूबाई एकट्या सीवूड्स स्टेशनापर्यंत चालत जाऊन मॉलमध्ये ब्लाउजपीस बघून आल्या आणि “काय ते शिवण, अस्तर बाहेर डोकावतंय” असं म्हणाल्या. दोन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ जवळजवळ निम्मी झाली होती. मी दोन्ही स्कॅनच्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या, एकाच यंत्रावर काढल्यात ना, नाव-वय बरोबर आहे ना. होतं.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, मी कचेरीत असताना स्टडीवाल्या मॅडमचा फोन आला. “आजपासून गोळी द्यायची नाही. यकृताचे आकडे खूप वर गेलेत. उद्या आईंना घेऊन या.”

मोठे डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. जे आकडे दोन आकडी असायला हवेत ते तीन आकडी झाले होते, आणि लहानसहान तीन आकडी नव्हे.

“गोळी थांबवली आहे. तीन आठवडे वाट बघू. आकडे खाली आले तर पुन्हा सुरू करता येईल. नाही आले तर अभ्यासातून बाहेर.”

“मग बाहेर नेहमीची गोळी द्या.”

“यकृत बरं झाल्याशिवाय या जातीची कुठलीच गोळी देता येणार नाही.”

“आणि गाठ?”

“गाठ तोवर थांबून राहील असं नाही.”

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, “म्हणजे जे औषध लागू पडलं तेच बंद?”

“सध्या,” डॉक्टर म्हणाले.

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्ट लिहायला हवं. मला वाटलं, आम्हाला नवी गोळी मिळाली होती, तिनं यकृत जाळलं, आणि आता हे सगळे मिळून ते झाकणार. मी म्हटलं, ते झाकलेलं उघडा, कुठली गोळी आहे ते सांगा. डॉक्टर म्हणाले, “उपचार बदलणार असतील तरच उघडतो. आत्ता दोन्ही गोळ्यांना उत्तर एकच आहे, थांबवणं.” मग त्यांनी विचारलं, “बाहेरचं काही चालू आहे का? कुणा वैद्याचं, गावाकडचं?”

“नाही,” मी म्हटलं, पण या वेळी ‘नाही’ म्हणताना डोळ्यांपुढे नणंद आली.

माझी नणंद उरणजवळच्या मोरा गावी दिलेली. तीस वर्षांत तिची बोली पार तिकडची झालीय. दर पंधरा दिवसांनी येते, पिशवीतून जवळा, वाकट्या असली सुकी मासळी, कधी ताजी कोळंबी आणते, आणि आईच्या खोलीचं दार लावून दोघी तासभर बोलतात. त्या लावलेल्या दाराबद्दल मला पूर्वीपासून कुतूहल होतं. आता संशय होता. घरी आल्याबरोबर मी सासूबाई अंघोळीला गेलेल्या बघून त्यांची उशी उचलली. अभ्र्यात कागदाची पुडी होती. आत करड्या रंगाची भुकटी.

मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर तारीख-वेळ लिहिली आणि नणंदेला फोन लावला.

“ताई, आईंना काय चारताय तुम्ही?”

“काय चारतंय? जवळा. तुमीपन खाता तो.”

“पुडी सापडली मला. उशीच्या अभ्र्यात. त्यांचं यकृत गेलंय, कळतंय का? गोळी बंद केलीय डॉक्टरांनी. तुमच्या त्या भुकटीमुळे.”

मग नणंद हळू आवाजात म्हणाली, “वहिनी, तो अंगारा हाय. देवीचा. कपाळाला लावायला दिलता आईला. पोटात घालायला न्हाय. माजी आई हाय ती.” आणि फोन ठेवला.

मी तरीही ती पुडी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात नेली. सासूबाईंचं रक्त द्यायचं होतंच. डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली, पिशवीवरची माझी तारीख-वेळ वाचली आणि म्हणाले, “राख दिसते.” पण स्टडीवाल्या मॅडमनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खुर्ची ओढली, ती सासूबाईंच्या समोर, आणि मला म्हणाल्या, “तुम्ही दोन मिनिटं काही बोलू नका. प्लीज.” मग सासूबाईंना विचारलं, “आजी, सकाळी डोळे उघडल्यापासून पोटात काय काय जातं, ओळीनं सांगा. पाणीसुद्धा.”

सासूबाई खुलल्या. असं सविस्तर त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

“उठल्यावर दात घासायचे. मग गरम पाणी. मग हिचा तो कडू काढा. तोंड वाकडं होतं, पण न पिऊन सांगते कोणाला? ही उभी असते समोर. मग थायरॉइडची गोळी, मग...”

“थांबा. काढा कसला?”

“गुळवेलीचा.”

“ते औषध नाही!” मी म्हटलं. मला दोन मिनिटं गप्प बसायचं होतं, पण माझ्या तोंडून ते बाहेर पडलंच.

ते खरंच माझ्या लेखी औषध नव्हतं. करोनाच्या वेळी आमच्या सोसायटीत सगळ्यांनी गुळवेल घ्यायला सुरुवात केली. पंपाच्या खोलीमागे कडुनिंब आहे, त्यावर चढलेला वेल, आणि कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात गुणकारी असं सगळ्यांचं मत. कुठल्या विंगनं कुठल्या वारी कांडं तोडायचं, याचा तक्ता मीच लिफ्टशेजारी लावला होता. हळूहळू बाकीच्यांनी सोडलं. मी सोडलं नाही. मी धरलेली गोष्ट सोडत नाही. पाच वर्षं रोज सकाळी बोटभर कांडं ठेचून, उकळून, तीन पेले. आम्ही दोघं नवरा-बायको आणि सासूबाई. त्यांना गाठ निघाल्यावर मी त्यांचा पेला मोठा केला. अंगात ताकद राहावी म्हणून.

“किती?” मॅडमनी विचारलं.

सासूबाईंनी हातानं पेल्याची उंची दाखवली. मग माझ्याकडे बघून आणखी दोन बोटं वर केली. “अलीकडे एवढा.”

“आम्हीही तोच घेतो,” मी म्हटलं. “आम्हाला काही झालेलं नाही.”

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही यांची गोळी घेत नाही. काही जणांच्या यकृताला गुळवेल सोसत नाही, असं आढळलंय. वर ही गोळीही यकृतातूनच जाते. तुम्ही पहिल्या दिवशी हे का नाही सांगितलंत?”

विचारलं होतं त्यांनी. ‘घरगुती’ हा शब्दसुद्धा वापरला होता. सासूबाई सांगायला निघाल्या होत्या आणि मी म्हटलं होतं, मी सांगते. मॅडमनी जुना कागद काढला. ‘नाही’वरची खूण खोडायची नसते, तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवी नोंद करायची, तारीख घालायची, ही त्यांची पद्धत. चूक दिसत राहिली पाहिजे. माझ्या सहीच्या बाजूलाच त्यांनी लिहिलं, गुळवेल काढा, रोज, पाच वर्षं, देणारी सून.

घरी येताना रिक्षात सासूबाई माझ्या दंडाला धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “तो चांगलाच कडू होता हो.”

“सांगायचं ना मग, आई.”

“तुला? कधी? तुझं उत्तर माझ्या आधी तयार असतं.”

काढा बंद. मी वेलाकडे गेले, तो तसाच हिरवागार वर चढलेला. तो तोडून टाकावा असं वाटलं, पण मग वाटलं, त्यानं काय केलंय. सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच टाकलं की ज्यांची कसलीही औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच लिहिलं, “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला विष पाजत होतात का?” आणि पुढे हसरा चेहरा.

नणंदेला फोन करायला मला चार दिवस लागले. सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे तुमचा काढा व्हता.”

“हो. माझा.”

“आनि माजी पुडी पिशवीत भरून डाक्टरला दावली.”

“हो. चुकलं माझं.”

“या शनिवारी येते. वाकट्या आनते. आदी त्याबी तपासून घ्या लॅबमदी, मग खा.”

तिनं खरंच वाकट्या आणल्या, आणि पिशवीवर पेननं तारीख लिहून आणली. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि त्या ठसक्यानं आम्ही तिघीही एकदम गप्प झालो. गोळी बंद होऊन अकरा दिवस झाले होते. तो साधा ठसका होता की खोकला परत आला, हे कुणालाच विचारता येईना. पुढचे दहा दिवस मी स्वयंपाकघरात असले तरी कान त्यांच्या खोलीकडे लावून होते. त्या दोनदा खोकल्या. एकदा फोडणीनं. दुसऱ्यांदा कशानं ते कळलं नाही.

दर आठवड्याला रक्त. पहिल्या आठवड्यात आकडे थोडे खाली. दुसऱ्यात आणखी. तिसऱ्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा त्यांनी आधी कागद स्वतः नीट वाचला आणि मगच आमच्याकडे फिरवला.

“मर्यादेत आलेत. पूर्ण नाही, पण मर्यादेत. कमी ताकदीची गोळी उद्यापासून सुरू करू.”

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

“म्हणजे काढ्यानंच झालं होतं?” मी विचारलं.

“तसं मी छातीठोक म्हणणार नाही. दोन्ही एकदम बंद झालं. गोळीनंही होऊ शकतं. आता गोळी एकटी असेल, तेव्हा कळेल. रक्त दर आठवड्याला.”

म्हणजे गोळीवरचा माझा संशयही अजून खोटा ठरलेला नव्हता. मी वहीत तसं लिहिलं, दोघंही संशयित. मग थोडा विचार करून गोळीच्या आधी काढा लिहिला.

स्टडीवाल्या मॅडमना आता नव्यानं सगळी माहिती भरून घ्यायची होती. मी सवयीनं उठले आणि टंकलेली नवी यादी काढली, या वेळी तीत चहातलं आलंसुद्धा होतं. त्यांनी ती घेतली, आभार मानले आणि म्हणाल्या, “तुम्ही बाहेर बसाल? आजींशी मी एकटीच बोलते.”

सासूबाई माझ्याकडे न बघता आत गेल्या. दार लागलं. मी बाकावर बसले, वही मांडीवर. आतून त्यांचा आवाज येत होता, संथ, एकेक गोष्ट बोटावर मोजल्यासारखा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. एवढं काय सांगण्यासारखं आहे त्यांच्या दिवसात? जवळा, चहा, गोळ्या. मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं दाराजवळ गेले. मॅडम हसत होत्या. मग सासूबाईंचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

“आणि दुपारी ती कचेरीत असते तेव्हाचंही लिहून घ्या. पण तिला दाखवू नका.”